सेक्टर होण्याआधी इथे काय होतं?

पत्र:

'मी नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. मूळची सोलापूरची, इथे येऊन चार वर्षं झाली. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलंय की सामाजिक शास्त्रांचा एक तरी प्रकल्प परिसराला धरून करून घ्या. गेल्या वर्षी मी "आपला परिसर" असा विषय दिला होता. ४६ तक्ते आले. निम्म्याहून जास्त तक्त्यांवर एकाच दुकानातली तीच चित्रं, चार थर्मोकोलचे किल्ले आणि एकाचं गेटवे ऑफ इंडिया. ठाण्याच्या शिक्षकांचं बरं आहे. तळी आहेत, जुनी देवळं आहेत, पहिली रेल्वे आहे. आमचं शहर कालपरवाचं, सगळं सेक्टर आणि प्लॉट. इथे मुलांना काय दाखवायचं? त्यात पालक म्हणतात पोर्शन संपवा. वर्गात गावातली मुलं एका बाजूला आणि सेक्टरमधली एका बाजूला बसतात, गट पाडले तरी मिसळत नाहीत. काय करू?

– एक शिक्षिका, कोपरखैरणे'

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग ओशाळले. थर्मोकोलचे किल्ले मीही ठाण्यात वर्षानुवर्षं घेतलेत आणि दहापैकी नऊ गुण दिलेत. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्मोकोलही आलं, पण शाळांमधले किल्ले काही पडले नाहीत. रात्री अकरा वाजता आई बुरुज रंगवतेय आणि मूल शेजारी पेंगतंय, हे दृश्य तुम्हाला नवं नसेल.

चूक मुलांची नव्हती आणि दुकानदाराची तर मुळीच नव्हती. 'आपला परिसर' हा विषय झाला, त्यात प्रश्न कुठे आहे? विषय दिला की मूल दुकान गाठतं. ज्याचं उत्तर दुकानात नाही, पुस्तकात नाही आणि बाईंनाही ठाऊक नाही असा प्रश्न दिलात, तर त्याला कुणाकडे तरी जाऊन विचारावंच लागतं. तुम्ही सोलापूरच्या आहात, इथलं तुम्हाला फारसं माहीत नाही, याचा तुम्हाला संकोच वाटतोय असं पत्रावरून जाणवलं. उलट हेच तुमचं भांडवल आहे. 'मला खरंच माहीत नाही, तुम्ही शोधून सांगा' हे वाक्य मला ठाण्यात कधी खरेपणाने म्हणता आलं नाही, कारण मुलांना ठाऊक होतं की बाईंना सगळं पाठ आहे.

ठाण्याचं बरं आहे म्हणता, तर आमची गोष्ट ऐका. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, हे आमच्या वर्गातलं प्रत्येक मूल झोपेतही सांगायचं. चौदा डबे, चारशे माणसं, तीन इंजिनं, सगळं पाठ. पण ती गाडी आली तेव्हा ठाण्याच्या खाडीतून होड्या भरून काय काय जायचं आणि रेल्वेनंतर त्या होडीवाल्यांचं काय झालं, हे स्टेशनच्या अंगणात वाढलेल्या एकाही पोराने तीस वर्षांत विचारलं नाही. मीही विचारायला लावलं नाही. इतिहास दाराशी असला की माणूस त्याला नमस्कार करून पुढे जातो, त्याचं दार वाजवत नाही.

आता तुमच्याकडे वळू. तुमच्या शहरात 'प्रकल्प' या शब्दाचा एक अर्थ तुमच्या हजेरीपटावर आधीच बसलाय. वर्गातल्या काही मुलांच्या घरी 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द आजोबांपासून चालत आलाय. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. नवी मुंबई हाच एक प्रकल्प. तेव्हा तुम्ही 'मुलांनो, आपण प्रकल्प करू या' म्हणालात की बोनकोडे किंवा खैरणे गावातल्या पोराच्या आजोबांच्या कानाला ते कसं लागेल, याचा क्षणभर विचार करा. मी तर म्हणते, तिथूनच सुरुवात करा. मुलांना घरी जाऊन एवढंच विचारून यायला सांगा: आपली शाळा आज जिथे उभी आहे, तिथे सेक्टर होण्याआधी काय होतं?

एवढा एकच प्रश्न. दहा नकोत.

दुसऱ्या दिवशी काय येईल याचा अंदाज सांगते. कुणी म्हणेल भातशेती होती. कुणी म्हणेल मिठागर. कुणी म्हणेल खाडीच होती, भरतीला पाणी यायचं. कुणी म्हणेल काहीच नव्हतं, नुसतं गवत. आणि निम्मी मुलं रिकाम्या हाताने येतील, 'आमच्या घरी कुणाला माहीत नाही' म्हणत. ही सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, एकही पुसू नका. चार उत्तरं एकमेकांशी भांडतायत हे दिसलं की सातवीच्या पहिल्याच धड्यातली 'इतिहासाची साधने' मुलांना न शिकवता कळायला लागतात. मौखिक साधन म्हणजे काय, तर काल रात्री आजी जे बोलली ते. आणि ते लिखित साधनाशी ताडून पाहायचं म्हणजे काय, तर कुणाच्या तरी घरच्या पेटीत जपलेला जुना सातबारा, रेशनकार्ड किंवा लग्नपत्रिका. जुन्या लग्नपत्रिका जरूर मागवा. पत्त्यात 'मु. पो.' कधी संपलं आणि 'सेक्टर' कधी सुरू झालं, ते तिथे छापलेलं सापडतं.

रिकाम्या हाताने आलेली मुलं हा या प्रकल्पाचा अर्धा भाग आहे, त्यांना मागे ठेवू नका. तुमच्या वर्गात माथाडी कामगारांची मुलं-नातवंडं नक्की असतील. कोपरखैरण्यात नाहीत असा वर्ग क्वचितच. त्यांचं मूळ गाव विचारा, पाटण, जावळी, कोरेगाव अशी साताऱ्याकडची नावं येतील. मग विचारा, आजोबा इथे का आले? घाऊक बाजार पूर्वी मुंबईत होते, धान्याचा मसजिद बंदरला, भाजीचा भायखळ्याला, फळांचा क्रॉफर्ड मार्केटला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते एकेक करून वाशीला आले. बाजार हलला, तशी पाठीवर पोती वाहणारी माणसंही खाडी ओलांडून आली. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं, १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. इथे कधी काय होतं हे त्या पोराच्या घरी माहीत नसेल, पण 'आम्ही इथे का आहोत' हे माहीत आहे, आणि तोही याच शहराचा इतिहास आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाने रविवारी गावी फोन लावून आजीला विचारावं. उत्तर भोजपुरीत आलं तर भोजपुरीतच वहीत उतरवावं, मग मराठी करावं.

दोन गट मिसळत नाहीत म्हणालात, त्याचा इलाज मला यातच दिसतो. गट पाडताना 'मैत्री करा' सांगून काही होत नाही. प्रत्येक गटाला अशी माहिती लागू दे, जी दुसऱ्याकडेच आहे. गावातल्या मुलाशिवाय गावातल्या आजींच्या ओटीवर बसायला मिळत नाही, आणि सेक्टरमधल्या मुलाशिवाय सोसायटीच्या सेक्रेटरीकडून जुना आराखडा मिळत नाही. गरज पडली की बाक आपोआप सरकतात.

साल विचारण्याबद्दल एक युक्ती सांगते, ही मला फार उशिरा कळली. वयस्कर माणसांना 'हे कोणत्या साली झालं?' विचारलं की ती गप्प होतात, किंवा तोंडाला येईल ते साल सांगतात. त्याऐवजी 'पुलाच्या आधी की नंतर?' विचारा. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. सिडकोला जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं जासईचं आंदोलन जानेवारी १९८४ चं. वाशीपर्यंत लोकल आली १९९२ ला. ठाण्याहून तुमच्याकडे येणारी ट्रान्स-हार्बर गाडी २००४ ला. आणि २६ जुलै २००५ चा पाऊस तर कुणीच विसरलेलं नाही. वर्गाच्या भिंतीवर एक सुतळी बांधा, तिला या पाच चिठ्ठ्या लावा आणि मुलांनी आणलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या मध्ये कुठेतरी अडकवायला सांगा. 'मामांचं लग्न रेल्वे यायच्या आधी', 'आमची खोली पुरानंतर'. कालरेषा शिकवायला मी आयुष्यभर फळ्यावर रेघा ओढल्या. ही सुतळी मला आधी सुचली असती तर खडू वाचला असता.

आता माझी एक फजिती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मी एकदा मुलांना तीस प्रश्नांची छापील प्रश्नावली देऊन पाठवलं. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. मी स्वतः रात्र जागून केलेली, मोठा अभिमान होता. मुलं मासळी विकणाऱ्या एका मावशींसमोर ओळीने उभी राहिली आणि एकाने खणखणीत आवाजात विचारलं, 'आपले वार्षिक उत्पन्न किती?' मावशी म्हणाल्या, 'मावरं घ्याचं हाय का? नाय ना? मंग बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं हाय.' तीस प्रश्न तिथेच संपले. आमच्यातली एक मुलगी मात्र मागे रेंगाळली. तिने पाटीतल्या मासळीकडे बोट दाखवून विचारलं, 'मावशी, ही कुठून आली?' तिला उत्तर मिळालं: पहाटेच्या गाडीने भाऊच्या धक्क्यावरून. आपल्या खाडीतली नाही? नाही, आता खाडीत कुठे मिळते तेवढी. सासऱ्यांच्या वेळी मिळायची. मग कारखान्यांचं पाणी, गाळ, सासऱ्यांची होडी, सगळं निघालं. त्या मुलीच्या वहीत दोन पानं भरली, बाकीच्यांच्या प्रश्नावल्या कोऱ्या.

त्यानंतर मी मुलांना तीनच गोष्टी सांगू लागले. धंद्याच्या वेळी जायचं नाही. पहिला प्रश्न डोळ्यांसमोरच्या वस्तूबद्दल विचारायचा. आणि पैशांबद्दल विचारायचं नाही.

ही शेवटची गोष्ट तुमच्याकडे दुप्पट लागू आहे. जमिनीचा मोबदला कुणाला किती मिळाला, भावाभावांत कोर्टात काय चाललंय, गावठाणातलं घर कागदावर आहे की नाही, हे प्रश्न शाळकरी मुलांनी कुणाच्या ओटीवर जाऊन विचारायचे नाहीत. सांगणाऱ्याने आपणहून सांगितलं तरी ते तक्त्यावर चढवायचं नाही. फोटो विचारून काढायचा. १९८४ च्या आंदोलनाबद्दल तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना धास्ती वाटेल, स्वाभाविक आहे. पण ते टाळून हा प्रश्न सुटणार नाही. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळामुळे आज प्रत्येक मुलाच्या कानावर आहे. जासई आणि न्हावा-शेवा परिसरात तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, इतकं मुलांना नीट, आवाज न चढवता सांगा. कुणाच्या घरातलं कुणी त्यात असेल तर ते मूल आपणहून बोलेल. सिडकोची बाजूही कुणीतरी मांडायला हवी: शहराला जागा का हवी होती, मुंबई कशी तुंबली होती. वडील सिडकोत नोकरीला असलेलं एखादं मूल तुमच्या शाळेत असेलच.

आता पायांनी चालायचा भाग. दूर सहल नको, बस नको, पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरातलंच पाहा. माझी निवड कराल तर मुलांना होल्डिंग पाँडवर न्या, पालिकेच्या भाषेत धारण तलाव. तुमच्या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खोलगट जागेवर भराव टाकून उभा आहे. खाडीला भरती असते तेव्हा झडपा मिटतात, म्हणून पावसाचं पाणी या तळ्यांत साठून राहतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. ही पद्धत हॉलंडच्या धर्तीवर आणली, असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. बरोबरच आहे ते. पण गावातल्या एखाद्या आजोबांना बरोबर न्या आणि त्यांना खारशेतीचा बांध कसा घालायचे ते विचारा. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून उघाडी, भरतीला बंद, ओहोटीला मोकळी. इंजिनिअरने जे काँक्रीटमध्ये केलं, तेच हे लोक चिखलात करत होते. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, हे त्यांना कॅलेंडर न बघता कळायचं. इतिहासाचा तास बघता बघता भूगोलाचा होतो. आणि पुढे नागरिकशास्त्राचाही, कारण या तळ्यांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय. पाणी तुंबू नये म्हणून ती काढावी तर खारफुटीला संरक्षण आहे, न्यायालयाची परवानगी लागते. तुंबलेल्या सोसायटीचं बरोबर की खारफुटी वाचवणाऱ्यांचं? मुलांना भांडू द्या. या वादात तुम्ही निकाल देऊ नका. मलाही देता येत नाही.

(तळ्याच्या काठापासून दहा पावलं लांब. दोन मोठी माणसं पुढे, एक मागे. पालकांची सही असलेल्या चिठ्ठ्या. आणि पावसाळ्यात नाही, दिवाळीनंतर. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय माझ्यातली बाई गप्प बसत नाही.)

पोर्शनचं काय? पालकांना हे दाखवा. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्था आणि शहरी स्थानिक शासन संस्था असे दोन वेगळे धडे आहेत, आणि मुलं दोन्ही घोकून दोन्ही विसरतात. तुमच्याकडे हे दोन्ही धडे एकाच घरात राहतात. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ ला कामाला लागली. त्याआधी या गावांत ग्रामपंचायती होत्या. आजोबांनी सरपंचासाठी मत दिलं, बाबांनी नगरसेवकासाठी, आणि दोघंही त्याच ओटीवर बसून चहा पितात. पूर्वी विहिरीचा गाळ कुणी काढायचा आणि आता गटार तुंबलं तर तक्रार कुठल्या विभाग कार्यालयात करायची, या दोन प्रश्नांत दोन्ही धडे संपतात. पाण्यावरून वाटलं तर आणखी लांब जाता येईल: आज नळाला येणारं पाणी खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून येतं, आणि त्या धरणाखालीही कुणाची तरी गावं गेली आहेत. शहरासाठी जमीन देणारे तुमच्या वर्गात आहेत, त्याच शहराच्या पाण्यासाठी गाव सोडणारे डोंगराकडे. पण हे यंदा नको. पुढच्या वर्षी करा.

एकूण आठवड्याला एक तास, सहा आठवडे, बास. गुणांची चिंता करू नका, आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहेच. मात्र गुण कशाला द्यायचे ते आधीच मुलांना सांगा. सजावटीला शून्य. प्रश्न किती चांगला विचारला, ऐकलेलं जसंच्या तसं उतरवलं का, आणि आपलं आधीचं उत्तर चुकलं असं कळल्यावर ते खोडून नवं लिहिलं का, या तीन गोष्टींना गुण. तिसरीला सगळ्यात जास्त. खाडाखोड केलेल्या वहीला नऊ गुण मिळताना पाहिले की रात्री अकराचा रंग आपोआप बंद होतो.

ही काही परदेशातून आलेली टूम नाही, हेही कुणी विचारलं तर सांगा. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, आज जो पालघर आहे तिथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणत तिला. आपल्याला नुसतं सेक्टर ओलांडून गावात जायचंय.

आणि शेवटी जे मिळेल ते परत द्या. सहा आठवड्यांनी जो नकाशा होईल, ज्यावर आजच्या सेक्टरांच्या खाली जुनी शेतं, विहिरी, मिठागरं, देवळं, होड्या लागायच्या त्या जागा आजोबा-आजींनी सांगितलेल्या नावांनी लिहिलेल्या असतील, तो शाळेच्या कपाटात कोंबू नका. ज्यांनी सांगितलं त्यांना शाळेत बोलवा, खुर्च्या द्या, चहा द्या, आणि नकाशा त्यांच्यासमोर ठेवून 'काय चुकलं?' विचारा. चुका निघतीलच. एखादे आजोबा उठून लाल पेन मागतील. द्या त्यांना.

पण त्याआधी, या रविवारी एक काम तुम्ही करा. तुम्ही राहता त्या इमारतीच्या जागी आधी काय होतं, हे मला वाटतं तुम्हाला माहीत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, त्याला माहीत नसलं तर तो कुणाचं तरी नाव सांगेल. त्या माणसाकडे जा. सोमवारी वर्गात शिरल्यावर पहिलं उत्तर तुमचं असू दे, आणि शक्यतो अर्धवट असू दे.

तुमची,
ठाण्याची निवृत्त बाई